रिफर्बिश्ड फोन घेताय? पैसे देण्याआधी *#०६# दाबा

काटोल, हिंगणा, कळमेश्वरकडून फोन घ्यायला नागपुरात धरमपेठ नाहीतर सीताबर्डीला जाणारे पुष्कळ आहेत. नवा परवडत नसला की ‘रिफर्बिश्ड’ मागतात. पण सेकंड हँड आणि रिफर्बिश्ड एक नव्हे. सेकंड हँडचा फक्त मालक बदलतो. रिफर्बिश्ड फोन उघडून तपासतात, थकलेली बॅटरी किंवा खराब चार्जिंग पोर्ट बदलतात, जुना डेटा साफ करतात आणि बिल-वॉरंटीसह विकतात. विहिरीवरची जळालेली मोटर आपण रिवाइंडिंग करून पुन्हा चालवतो ना, तसंच हे. बिल नाही, वॉरंटी नाही, तर तो पुसून ठेवलेला जुना फोनच समजा.

खरी भीती चोरीच्या फोनची. दुकानातच *#०६# दाबा, १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसेल. इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. ‘ब्लॅकलिस्टेड’ किंवा ‘डुप्लिकेट’ असं उत्तर आलं, तर फोन काउंटरवरच ठेवा. दोन सिमचा असेल तर दोन्ही क्रमांक तपासा.

सॉफ्टवेअर अपडेट कधीपर्यंत मिळणार हेही विचारा. ते बंद झालेल्या फोनवर बँकेचे व्यवहार करणं धोक्याचं.

आता बऱ्याच फोनची बॅटरी आत चिकटवलेली असते, त्यामुळे दुरुस्ती महागते. युरोपात २० जून २०२५ पासून नव्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही कंपनीला ७ वर्षं सुटे भाग द्यावे लागतात. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासूनच्या ई-कचरा नियमांत रिफर्बिश करणाऱ्यांची नोंदणी आहे, सुट्या भागांची अशी हमी त्यात नाही.