बिनबियांची बरणी

विज्ञान स्पर्धेतल्या प्रकल्पाचं भवितव्य पुष्कळदा विषय निवडतानाच ठरून जातं. 'जलप्रदूषण', 'सौरऊर्जा', 'प्लॅस्टिकचा भस्मासुर' ही नावं तक्त्यावर भारदस्त दिसतात, पण त्यांत प्रश्नच नसतो. प्रश्न नाही म्हणून मोजमाप नाही, आणि मोजमाप नाही म्हणून मुलं कुठून तरी माहिती उतरवून काढतात. नववीतल्या मुलाला दोन महिन्यांत, घरातल्या आणि शाळेतल्या साधनांनी ज्याचं उत्तर काढता येईल, इतका प्रश्न लहान करणं हे या कामातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं पाऊल आहे.

महाराष्ट्रातल्या मुलांसमोर स्पर्धा कमी नाहीत. मुंबईतल्या विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१पासून सहावी आणि नववीच्या मुलांसाठी होते. लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिकातून तरून गेलेल्या मुलांना पुढे मुलाखत आणि कृतिसंशोधनाला सामोरं जावं लागतं. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३मध्ये सुरू झाली. १० ते १७ वयाच्या मुलांनी आपल्याच परिसरातला प्रश्न घेऊन त्याचा शोध घ्यावा, ही तिची मूळ धारणा. 'इन्स्पायर मानक'मध्ये निवडलेली कल्पना प्रत्यक्षात आणायला विद्यार्थ्याला १०,००० रुपये मिळतात. अमेरिकेतला जागतिक विज्ञान मेळावा, 'आयसेफ', याची सुरुवात १९५०मध्ये फिलाडेल्फियात झाली. आज तिथे भारतातलीही मुलं जातात. प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक आधी वाचावं. पण या सगळ्या स्पर्धांना लागणारी शिस्त एकच आहे, आणि ती एखाद्या प्रकल्पातच नीट दिसते.

शेवग्याच्या बियांचंच घेऊ. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ होतं आणि शेवग्याच्या बियांची पूड टाकली की ते निवळतं. हे जुनं ज्ञान आहे, आणि त्यामागचं कारणही माहीत आहे. पाण्यात तरंगणाऱ्या मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि तळाशी बसत नाहीत. बियांमधल्या प्रथिनांवर धन भार असतो. ती कणांना एकत्र आणतात, गुठळ्या होतात आणि खाली बसतात. 'शेवग्याने पाणी शुद्ध होतं का?' हा प्रश्न मात्र फार मोठा आहे. 'आमच्या ओढ्याच्या एक लिटर पाण्याला किती बिया टाकल्या तर एका तासात ते सर्वांत जास्त निवळतं?' हा प्रश्न मुलांच्या हातात मावतो.

आता बरण्या मांडायच्या. सारख्या आकाराच्या, प्रत्येकीत एक लिटर पाणी, तेही एकाच बादलीतलं. बरणी भरताना दर वेळी बादली ढवळून घ्यायची, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या बरणीतला गाळ सारखा राहत नाही. बिया सोलून, वजन करून, कुटून थोड्या पाण्यात कालवायच्या आणि फडक्यातून गाळून ते पाणी बरणीत ओतायचं. दोन मिनिटं जोरात ढवळायचं, मग दहा-पंधरा मिनिटं सावकाश, आणि नंतर तासभर हात लावायचा नाही. एका बरणीत एक बी, दुसरीत दोन, तिसरीत चार. आणि एका बरणीत काहीच नाही. पण ढवळणं मात्र तिलाही तितकंच.

ही बिनबियांची बरणी हा प्रकल्पाचा कणा आहे. माती आपली आपणही खाली बसते. शेजारी ही बरणी नसेल, तर पाणी बियांनी निवळलं की नुसत्या वेळाने, हे कुणालाच सांगता येणार नाही. परीक्षकाच्या 'ही कशाला ठेवलीत?' या प्रश्नावर मुलगी न अडखळता उत्तर देते, तेव्हा प्रयोग तिला समजलेला असतो.

निवळलेलं पाणी मोजायचं कसं? १८६५मध्ये आंजेलो सेकी या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने पांढरी तबकडी समुद्रात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते पाहिलं. मुलांना तीच युक्ती वापरता येते. उभ्या काचनळीच्या तळाशी काळी फुली काढायची, वरून पाणी ओतत जायचं आणि फुली दिसेनाशी झाली की उंची सेंटीमीटरमध्ये नोंदवायची. उंची जितकी जास्त, पाणी तितकं स्वच्छ. दोघांनी ती वेगवेगळी वाचावी, एकमेकांना न सांगता. कुठली बरणी कोणती हे वाचणाऱ्याला माहीत नसेल तर आणखी चांगलं, कारण आपल्याला हवं ते दिसण्याची सवय मोठ्यांनाही असते. उजेड एकाच जागचा हवा. आणि सगळं निदान तीनदा करायचं.

तीन आकडे सारखे येणार नाहीत. मुलं घाबरतात आणि 'नीट' आलेला आकडा ठेवून बाकीचे खोडतात. इथे शिक्षकाने ठाम उभं राहायला हवं. तिन्ही आकडे तक्त्यात हवेत, सरासरीच्या शेजारी सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्तही हवा. अंदाज चुकला तरी प्रकल्प वाया जात नाही. बिया वाढवल्या की पाणी अधिक निवळेल असं मुलांना वाटतं. पण प्रमाणाबाहेर बी पडलं तर गढूळपणा पुन्हा वाढू शकतो. आलेख वर जाऊन खाली वळला तर तो तसाच काढावा. त्या वळणाचं कारण शोधण्यातच खरा अभ्यास होतो.

वही पहिल्या दिवसापासून पेनने लिहावी, तारीख घालून. चुकलं तर एक आडवी रेघ, पान फाडायचं नाही. 'आज पाऊस, पाणी कालच्यापेक्षा लाल' अशी ओळसुद्धा लिहावी. महिन्याभराने आकडा का बदलला हे त्याच ओळीतून कळतं. सुबक छापील अहवालापेक्षा अशी मळकी वही मला जास्त काही सांगते.

सुरक्षेकडे फार दुर्लक्ष होतं. स्वयंपाकघरातल्या डब्यात जिवाणू वाढवणं हा खेळ नाही; आयसेफच्या नियमांत घरी जिवाणू वाढवायला मनाई आहे. माणसांवर प्रयोग किंवा सर्वेक्षण करायचं असेल, तर तिथे काम सुरू करण्याआधी मंजुरी लागते. शेवग्याच्या प्रकल्पातही हे स्पष्ट लिहायला हवं की निवळलेलं पाणी पिण्याजोगं झालं असं नाही. त्यातले सगळे जंतू जात नाहीत, आणि बियांचा सेंद्रिय अंश राहिल्याने ते साठवलं तर खराब होतं. प्यायचं असेल तर उकळायलाच हवं.

पालकांनी काय करावं? बरण्या आणून द्याव्यात, ओढ्यावर सोबत जावं, काच फुटली तर हात सांभाळावेत. तक्ता रंगवू नये, निष्कर्ष लिहून देऊ नये. विकतचं तयार मॉडेल टेबलावर आलं की त्यामागे उभ्या मुलाच्या वाट्याला नुसतं पाठांतर येतं, आणि हा त्याच्यावरचा अन्याय आहे.

अहवालाच्या शेवटी 'आम्हाला काय करता आलं नाही' असा एक परिच्छेद जरूर असावा. एकाच ओढ्याचं पाणी, एकाच झाडाच्या बिया, फक्त पावसाळा, हे सांगितलं तर गुण जात नाहीत. त्याखाली पुढचा प्रश्न लिहावा: वर्षभर डब्यात ठेवलेल्या बिया ताज्या बियांइतक्याच कामाच्या असतात का? आठवीतली जोडी असेल, तर या वर्षीच्या थोड्या बिया आत्ताच कोरड्या डब्यात तारीख घालून ठेवाव्यात. नववीत पहिल्या पावसाबरोबर प्रयोग सुरू करता येईल.