धंद्याचे कागद (भाग ७) : माणूस ठेवण्याआधी कामगार कायद्याचा वकील गाठा

मागच्या भागात शॉप अ‍ॅक्टची नोंदणी पाहिली. आता त्याच दुकानात राबणाऱ्या माणसांशी होणाऱ्या कराराकडे वळू.

अकोला–वाशिम आणि नागपूर–छत्रपती संभाजीनगर हे रस्ते वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात मिळतात. त्या वर्दळीवर कृषी केंद्रे, गॅरेज, हॉटेले आणि ट्रॅक्टरची दुकाने चालतात. इथे माणूस ठेवताना बोली बहुधा तोंडीच होते. मालक फार सावध असला, तर कुणाकडून तरी आणलेला जुना मसुदा पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप करून घेतो. त्यात हमखास तीन ओळी असतात: ‘नोकरी सोडल्यावर तीन वर्षे तालुक्यात हा धंदा करणार नाही’, ‘मध्येच सोडल्यास पन्नास हजार भरीन’ आणि ‘उचल फिटेपर्यंत काम सोडणार नाही’.

पहिली ओळ कोर्टात टिकत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कुणाला धंदा वा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. मात्र नोकरी चालू असतानाची अट वेगळी. कल्याणच्या सेंच्युरी कारखान्यातील गोलिकरी यांनी १९६३ मध्ये पाच वर्षांचा करार केला आणि पुढच्याच वर्षी ते कोट्याच्या कंपनीत गेले. करारातली मुदत संपेपर्यंत प्रतिस्पर्ध्याकडे काम न करण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये वैध ठरवली.

दुसऱ्या ओळीचा निकाल परिस्थितीवर ठरतो. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षे सेवेची आणि दोन लाखांच्या भरपाईची अट मान्य केली. पण ती सरकारी बँक होती. अधिकारी मध्येच गेल्यास तिला नव्याने भरतीचा खर्च करावा लागतो, हे न्यायालयाने लक्षात घेतले. कलम ७४ प्रमाणे मिळते ती वाजवी भरपाई, कागदावर लिहिलेला आकडा नव्हे.

तिसरी ओळ सर्वांत घातक. उचलीच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. सालगड्याच्या जुन्या रिवाजाचा आधार तिथे चालत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. दहा किंवा अधिक कामगार असतील तर नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. माणूस स्वतः सोडून गेला किंवा काढला, तरी वेतनाचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करावा लागतो. ठरावीक मुदतीवर घेतलेल्याला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त दाखवले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. त्यामुळे जुने मसुदे आता चालणार नाहीत.

सातबारा, वाटणी आणि फौजदारी सांभाळणारे आपले वकील त्या कामात तरबेज असतात. कामगार कायदा हा वेगळा प्रांत आहे आणि कामगार न्यायालय अकोल्यात भरते. तिथे रोज उभा राहणारा वकील शोधा. जाताना हजेरी पट, पगाराची वही, शॉप अ‍ॅक्टचा कागद आणि जुना करार सोबत न्या. फी आधी ठरवा आणि चार गोष्टी लेखी मागा: माझ्या माणसांच्या संख्येला कोणता कायदा लागू, पीएफ, ईएसआय कधी सुरू, हमालांना १९६९ चा माथाडी कायदा लागतो का, आणि काढताना नोटीस किती दिवसांची.

करार दोघांना समजेल अशा मराठीत करा, एक प्रत कामगाराच्या हाती द्या आणि मूळ गुणपत्रिका ठेवून घेऊ नका. औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हेही त्याला सांगा. दोन्ही बाजूंना हक्क ठाऊक असले की भांडण सहसा कोर्टापर्यंत जात नाही.

पुढच्या भागात पगारपत्रक आणि हजेरी. तोवर तुमच्या कपाटातला जुना करार काढून या तीन ओळी त्यात आहेत का, ते तपासा. असतील तर पुढचा माणूस ठेवण्याआधी वकिलाकडे जा.