नोंदवहीतले तास आणि हातातला सराव

मोहाडीच्या आकाशात हेलिकॉप्टर दिसते ते बहुधा निवडणुकीच्या हंगामात. तुमसर मतदारसंघातल्या एखाद्या सभेसाठी शाळेचे पटांगण किंवा धान निघून मोकळ्या झालेल्या बांध्या साफ केल्या जातात, बांधकाम खात्याची माणसे चुन्याने वर्तुळ आखून त्यात इंग्रजी ‘एच’ अक्षर काढतात, धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारले जाते, पोलिसांचा बंदोबस्त उभा राहतो, आणि पंचक्रोशीतील आबालवृद्ध उन्हाची पर्वा न करता त्या यंत्राची वाट पाहत तिष्ठत राहतात. यंत्र टेकते, पुढारी उतरतात, गर्दी त्यांच्यामागे निघून जाते. वैमानिक तेवढा यंत्रापाशी उरतो, आणि त्याच्याविषयी कोणाला कुतूहल वाटलेच तर एवढेच विचारले जाते की, याने आजवर किती तास उड्डाण केले असेल. हा प्रश्न रास्त असला तरी अपुरा आहे. आणि ज्या वैनगंगेने २०२० च्या ऑगस्टअखेरीस भंडारा शहराला वेढा घातला तिच्या खोऱ्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी, ज्यांना उद्या प्राणरक्षणासाठी याच यंत्राकडे पाहावे लागेल, या प्रश्नाचे अपुरेपण नीट समजून घ्यावे असे मला वाटते.

तासांचा हिशेब आधी पाहू. व्यावसायिक हेलिकॉप्टर वैमानिकाच्या सनदेसाठी सर्वसाधारणपणे १५० तासांच्या उड्डाणाची अट असते, त्याहून वरच्या दर्जाच्या सनदेसाठी १००० तासांची. आणि नोकरीत शिरल्यावर थकव्यामुळे घात होऊ नये म्हणून वर्षाकाठी १००० तासांहून अधिक उडू नये, असा दंडक आपल्या नागरी विमान वाहतूक खात्याने घातलेला आहे. वरची मर्यादा अशी काटेकोर असताना खालची मर्यादा मात्र किती माफक आहे पाहा: प्रवासी घेऊन जाणाऱ्या वैमानिकाने गेल्या ९० दिवसांत त्याच जातीच्या हेलिकॉप्टरवर किमान तीन वेळा उड्डाण व अवतरण केलेले असावे, आणि वर्षातून दोनदा परीक्षकासमोर आपले प्रावीण्य सिद्ध करावे, एवढीच आंतरराष्ट्रीय नियमांची किमान अपेक्षा. नव्वद दिवसांत तीन अवतरणे ही कायद्याची पूर्तता झाली. तिला सराव म्हणणे मला कठीण वाटते.

शिवाय तास म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे हेलिकॉप्टरचा उड्डाणकाळ पाती फिरू लागल्यापासून ती पुन्हा थांबेपर्यंत मोजला जातो, म्हणजे पाती फिरती ठेवून एखाद्या मान्यवराची वाट पाहण्यात गेलेली मिनिटेही नोंदवहीत जमा होतात. मुंबईच्या जुहू विमानतळावरून (१९२८ साली सुरू झालेला हा देशातला पहिला नागरी विमानतळ) सुमारे १६० किलोमीटर दूर समुद्रात असलेल्या बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर कामगार पोहोचवणारा वैमानिक तासभर सरळ रेषेत पाण्यावरून जातो, आणि त्या तासाचे सारे मर्म शेवटच्या दोन मिनिटांत, वाऱ्यात उभ्या असलेल्या एका लोखंडी मंचावर टेकण्यात साठलेले असते. तिकडे केदारनाथाच्या दरीत यात्रेकरूंची ने-आण करणारा वैमानिक समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून उंच, विरळ हवेत, काही मिनिटांची एकेक फेरी करीत दिवसभरात असंख्य वेळा चढतो-उतरतो. दरीत अचानक ढग भरले तर परतावे की पुढे जावे याचा निर्णय त्याला क्षणार्धात करावा लागतो. १५ जून २०२५ रोजी गौरीकुंडाजवळ कोसळलेल्या हेलिकॉप्टरमध्ये सात जण गेले, त्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील भाविकही होते. आणि आपल्याच वैनगंगेच्या काठाने खाली गडचिरोलीत गेले, तर तेथे पोलिसांच्या दिमतीला असलेले हेलिकॉप्टर कधी जखमी जवानाला नागपूरच्या इस्पितळात नेते, तर कधी पुराने वेढलेल्या भामरागडहून एखाद्या गर्भवतीला जिल्ह्याच्या ठिकाणी आणते. तेथील वैमानिकाचे पुष्कळसे आयुष्य निरोपाची वाट पाहण्यात जाते आणि निरोप येतो तो मात्र अत्यंत निकडीचा. या तिघांच्या वह्यांत पाचशे तासांची सारखीच नोंद झाली, तरी त्या पाचशे तासांनी त्यांच्या हातांना शिकवलेल्या गोष्टी अगदी निरनिराळ्या असतात.

आता खरा मुद्दा. वैमानिकाचा प्राण ज्या कौशल्यावर अवलंबून असतो ते त्याच्या रोजच्या कामात वापरलेच जात नाही. इंजिन बंद पडले की हेलिकॉप्टर दगडासारखे खाली येते, असा लोकांचा समज असतो. तो खरा नाही. इंजिनाची शक्ती तुटताच वैमानिकाने डाव्या हातातला दांडा, ज्याला कलेक्टिव्ह म्हणतात, तत्काळ खाली दाबला तर पात्यांचा कोन सपाट होतो, यंत्र खाली येऊ लागते, आणि खालून वर शिरणारी हवाच पात्यांना फिरवीत ठेवते. या क्रियेला ऑटोरोटेशन म्हणतात. पण हलक्या यंत्रांत हा दांडा दाबण्यास मिळणारा अवधी एक-दोन सेकंदांचाच असतो. त्यात विचार करीत बसले तर पात्यांचा वेग असा घसरतो की तो पुन्हा मिळत नाही. त्यानंतर योग्य वेग राखायचा, उतरण्याजोगे शेत हेरायचे, विजेच्या तारा चुकवायच्या, जमिनीजवळ येताच नाक वर उचलून गती मोडायची, आणि अखेरीस पात्यांत साठलेला सारा जोर एकदाच वापरून अलगद टेकायचे. पाचशे फुटांवरून या सगळ्याला पंधरा-वीस सेकंद लाभतात, आणि चुकले तर दुसरा प्रयत्न नाही. आपल्या तालुक्यातल्या आंधळगावचा कोष्टी जसा बराच काळ माग सोडून राहिला तर रेशमाचा ताण त्याच्या बोटांना पूर्वीसारखा कळत नाही, तशीच या पंधरा सेकंदांची विद्या, हजारो तास उडूनही, सराव सुटला की हातातून निसटते. आणि ती निसटली आहे हे स्वतः वैमानिकाला प्रसंग ओढवेपर्यंत कळत नाही. रात्रीच्या अवतरणाचे, केवळ यंत्रफलकाकडे पाहून ढगात उडण्याचे आणि दोराने माणूस वर ओढून घेण्याचेही असेच आहे.

हा सराव स्वस्त नाही आणि निर्धोकही नाही. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी पवनहंस कंपनीचे एक डॉफिन हेलिकॉप्टर मुंबईच्या समुद्रात कोसळून त्यातले दोन्ही वैमानिक बुडाले. ते कोणा प्रवाशाला नेत नव्हते, तेलविहिरीच्या मंचावर रात्री उतरण्याचा अभ्यास करीत होते, कारण तेथल्या आजारी कामगाराला अपरात्री किनाऱ्यावर आणायचे तर तो अभ्यास कोणीतरी करणे भाग होते. या दोघांविषयी मला अतिशय आदर वाटतो. अशी हानी टाळावी म्हणून आभासी यंत्रावर प्रशिक्षण देण्याची सोय निघाली. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने कॅनडाच्या कंपनीच्या भागीदारीत बंगळुरूस उभारलेली ‘हॅट्सऑफ’ ही संस्था त्याच कामाची. तेथे इंजिन खरोखर बंद पाडता येते, शेपटीचा पंखा निकामी करता येतो, आणि वैमानिक चुकला तरी तो उठून पुन्हा प्रयत्न करू शकतो.

सशस्त्र दलांनी मात्र सराव हा सेवेचाच भाग मानला आहे. नाशिकच्या लष्करी हवाई प्रशिक्षण शाळेत नवशिक्यांना घडवले जाते, आणि पुढे पलटणीत गेल्यावरही अभ्यासाची उड्डाणे दैनंदिन कार्यक्रमात लिहिलेली असतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पालघरच्या किनाऱ्यापाशी अडकलेल्या ‘गाल कन्स्ट्रक्टर’ या तराफ्यावरील सर्व १३७ जणांची सुटका झाली, त्या कामी तटरक्षक दलाची चेतक हेलिकॉप्टरे सोसाट्याच्या वाऱ्यात तराफ्यावर स्थिरावली. ती स्थिरता त्या दिवशी अचानक अवतरलेली नव्हती. नागरी क्षेत्रात अडचण अशी की करारात सरावाच्या तासांची तरतूद नसेल, तर तो खर्च कोणाच्याच खाती पडत नाही आणि इंधन, दुरुस्ती व वेळ वाचवण्याचा मोह सर्वप्रथम त्याच तासांवर हात घालतो.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे, कारण ती थेट आपली आहे. हवा तापली की विरळ होते, पात्यांची उचल आणि इंजिनाची ताकद दोन्ही घटतात. जानेवारीत सहज उचललेले वजन मे महिन्याच्या दुपारी, पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना, उचलेलच असे नाही. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच खाली आले आणि विजेच्या तारांत अडकून कोसळले. सुदैवाने सर्व जण बचावले. अरुंद जागा, भोवती तारा, भर दुपार आणि पूर्ण भार, ही आपल्या प्रचारसभांची नित्याची परिस्थिती आहे. अशा वेळी दोन माणसे उतरवा म्हणणारा, किंवा ऊन उतरेपर्यंत थांबू म्हणणारा वैमानिक हा अडवणूक करणारा नसून जाणता असतो.

म्हणून जिल्हाधिकारी कचेरीला आणि हेलिकॉप्टर भाड्याने घेणाऱ्या सर्व पक्षांना माझी विनंती आहे की, एकूण तासांचा आकडा पाहून समाधान मानू नये. या जातीच्या यंत्रावर गेल्या तीन महिन्यांत वैमानिक किती उडाला, इंजिन बंद पडल्याचा अभ्यास त्याने शेवटचा केव्हा केला, रात्री उतरायचे असेल तर रात्रीचा सराव ताजा आहे काय, हे लेखी मागून घ्यावे; पूरकाळासाठी करार करताना सरावाच्या तासांचे पैसे त्यातच मंजूर करावेत; आणि वैमानिकाने आज उड्डाण नको म्हटले, तर सभा दुसऱ्या दिवशी ठेवावी.