कोयता, कुकरी की ऑनलाइनचा 'सर्व्हायव्हल' चाकू? रानात नेमकं काय न्यावं, घेण्याआधी हे तपासा

पावसाळा सरला की भंडारदरा, पवना, कोयना अशा धरणांच्या काठी तंबू दिसायला लागतात. गावाकडची बरीच पोरं आता पर्यटकांना तंबू लावून देतात, ट्रेकला वाट दाखवतात, चुलीवरचं जेवण करून घालतात. अशा कामाला एक चांगलं पातं लागतंच. मग मोबाईलवर जाहिरात येते. काळंकुट्ट पातं, पाठीला करवतीचे दात, मुठीत होकायंत्र! बघताक्षणी मागवावासा वाटतो.

पण थांबा. चाकू चुकीचा निवडला तर पैसे जातातच, वर बोट कापतं. आणि तो चुकीच्या ठिकाणी नेला तर पोलीस नाहीतर वनखात्याची कारवाई मागे लागते. त्यामुळे घेण्याआधी चार गोष्टी समजून घ्या.

घडीचा नको, अखंड पात्याचा घ्या

घडीचा चाकू खिशात मावतो, पण त्याच्या सांध्यात माती आणि माशाचे खवले अडकतात. जोर लावताना खटका निसटला तर पातं बोटांवर मिटतं. अखंड पात्याच्या चाकूला सांधाच नसतो. धुवायला सोपा, जोराला भक्कम. रानातल्या कामाला हाच बरा. फक्त त्याला म्यान पाहिजे.

कामं दोन, हत्यारं दोन

रानातली कामं दोन प्रकारची. एक कापायचं: दोरी, भाजी, मासा, बांबूची कामटी, काठीला टोक काढणं. दुसरं तोडायचं: फांदी, झुडूप, वाळलेलं सरपण.

कापायला हलकं, पातळ, बोटांच्या ताब्यात राहणारं पातं लागतं. तोडायला वजन लागतं, आणि ते वजन पुढच्या टोकाकडे असावं लागतं, म्हणजे हात फिरवला की हत्यार आपल्या भारानेच आत जातं. एकच हत्यार दोन्ही कामं उत्तम करत नाही. जगभर नावाजलेली चार पाती घेतली तरी हेच दिसतं.

स्वीडनचा मोरा चाकू: मोरा गावच्या या चाकूचं 'कम्पॅनियन' मॉडेल जगभर विकलं जातं. पातं जेमतेम ४ इंचांचं, दिसायला अगदी साधं. काठी तासायला, मासा साफ करायला झकास. फांदी तोडायला मात्र उपयोग नाही.

अमेरिकेचा का-बार: दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकेच्या मरीन सैनिकांना दिलेला चाकू. पातं ७ इंचांचं. बराच मार सहन करतो, पण कांदा चिरायला अवजड आणि लाकूड तोडायला हलका.

नेपाळची कुकरी: पातं साधारण १० इंचांच्या आसपास, पुढे वाकलेलं आणि पोटात रुंद. तोडायला जबरदस्त. बारीक कामाला सराव लागतो.

आपला कोयता: ऊस, कडबा, फांदी, नारळ, सगळ्याला चालतो. वजन पुढे असल्याने हात कमी दुखतो. बारीक कामाला मात्र बोजड.

मग हिशेब सोपा आहे. घरात चांगला कोयता असेल तर तोडायचं काम भागलं. वेगळा घ्यायचाच असेल तर साधा, ४ ते ५ इंच पात्याचा चाकू घ्या. ७-८ इंची 'फौजी' चाकू घेतला तर तो दोन्हीकडे अर्धवट पडतो.

लोखंड कसलं आहे ते विचारा

पात्याचं पोलाद ढोबळमानाने दोन जातींचं. कार्बन स्टील आणि स्टेनलेस स्टील.

कार्बन स्टीलला धार लवकर लागते आणि पातं चिवट असतं, पण ओलं ठेवलं की गंज चढतो. लिंबू, कैरी, कांदा कापला की ते काळं पडतं. त्याने बिघडत काही नाही, पुसून तेलाचा हात फिरवायचा. ट्रकच्या कमानपाट्यापासून लोहार जो कोयता घडवतो, तो याच जातीचा. कमानपाटा मुळातच भार झेलून परत सरळ व्हायला बनवलेला असतो, म्हणून तो कोयता सहसा तुटत नाही.

स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्यामुळे गंज कमी धरतो. खारी हवा, मासळी, सततचा पाऊस असेल तिथे हेच सोयीचं. पण पात्यावर नुसतं 'स्टेनलेस स्टील' लिहिलेलं असेल तर त्यावरून काही कळत नाही. ताट-वाटीचं स्टीलही स्टेनलेसच, त्याला धार टिकत नाही. चाकूवर पोलादाची जात लिहिलेली हवी, जसं ४२०, ४४०सी, १२सी२७ किंवा कार्बन असेल तर १०९५. जातच सांगत नसतील तर तो चाकू सोडा.

पोलादाइतकंच महत्त्वाचं म्हणजे त्याला दिलेलं पाणी. लाल तापवून एकदम थंड केलं की पोलाद कडक होतं, आणि नंतर बेताने तापवलं की त्याचा ठिसूळपणा जातो. पाणी कमी पडलं तर धार वळते, जास्त झालं तर तुकडा उडतो. लोहाराकडून कोयता घेताना धारेजवळ हळूच कानस फिरवून बघा. साध्या सळईसारखी ती खोल चावली तर पातं मऊ आहे. थोडी घसरत, थोडी खात गेली तर ठीक. कोयता मुद्दाम चाकूपेक्षा थोडा मऊ ठेवतात, म्हणजे बांधावर बसून कानशीने धार लावता येते.

मुठीच्या आत काय आहे?

चाकू मोडतो तो बहुतेक वेळा मुठीजवळ. पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असेल आणि दोन्ही बाजूंनी रिव्हेटने पट्ट्या ठोकलेल्या असतील तर ते सगळ्यात भक्कम. मोरा आणि का-बारमध्ये पात्याचा निमुळता भाग मुठीत जातो, तरी ते टिकतात, कारण काम नीट केलेलं असतं. पण पोकळ मूठ, तिच्यात काडेपेटी आणि मासे धरायचा गळ, असा चाकू टाळा. त्यात पातं तोकड्या तुकड्यावर किंवा नुसत्या नटावर अडकवलेलं असतं. जोर लावला की पातं एकीकडे, मूठ दुसरीकडे.

पाठीवरच्या करवतीच्या दातांनाही भुलू नका. जाड पात्यावरचे ते दात ओल्या लाकडात अडकतात. आणि काळा रंग हा फक्त रंग असतो. त्याने पातं कडक होत नाही.

म्यानही तपासा. चाकू उलटा धरून हलवला तरी बाहेर पडता कामा नये. कोकणात कमरेला आकडी बांधून तिच्यात कोयती अडकवतात, तीही त्याचसाठी, हात मोकळे राहावेत आणि पातं अंगाला लागू नये.

या चुका चांगलं हत्यारही घालवतात

ग्राइंडरवर दाबून धार लावू नका. धार निळी पडली म्हणजे पाणी उतरलं, ती धार पुन्हा टिकणार नाही. लावायचीच असेल तर हलक्या हाताने, मधूनमधून पाण्यात बुडवत लावा. चाकूला दगडावर हाताने लावलेली धार सगळ्यात चांगली.

चाकूने चुलीतले निखारे हलवू नका. कारण तेच, पाणी उतरतं.

डबा उचकटायला, खिळा काढायला चाकूचं टोक वापरू नका.

कापताना धार अंगापासून बाहेरच्या बाजूला जाऊ द्या. मांडीवर ठेवून काही तासू नका. दुसऱ्याला देताना मूठ पुढे करा. बोथट चाकूला जास्त जोर लावावा लागतो आणि जोरातच हात घसरतो, म्हणून धार नेहमी लावलेली ठेवा.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र नियम २०१६ च्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. त्यात कृपाण आणि कुकरी यांची नावंच लिहिलेली आहेत. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं यातून वगळली आहेत. म्हणून शेतातला कोयता चालतो. पण तोच कोयता रात्री गाडीच्या डिकीत सापडला तर शेतीचं काम कोणतं, हे तुम्हाला सांगावं लागेल.

पातं ९ इंचांच्या आत आहे म्हणजे कुठेही नेता येतं, असंही नाही. सण, मोर्चे, निवडणुका अशा वेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) नुसार मनाई आदेश निघतात. त्यात चाकू बाळगायलाही बंदी घालता येते. बातमी आली की ती वाचत जा.

अभयारण्याचा नियम आणखी कडक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन आत जाता येत नाही, आणि या कायद्यातल्या 'शस्त्र' शब्दात चाकूही मोडतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, राधानगरी ही सगळी अभयारण्यं आहेत. पर्यटकांना घेऊन जाणाऱ्यांनी वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारून घ्यावं. आणि चाकूसोबतचे फोटो, रील टाकायच्या फंदात पडू नका. अशा पोस्टवरून गुन्हे दाखल झालेले आहेत.

लागलंच तर

जखमेवर स्वच्छ कापड ठेवून किमान १० मिनिटं सलग दाबून धरा, सारखं उघडून बघू नका. माती, चुना, तंबाखू लावू नका. जखम खोल असेल किंवा रक्त थांबत नसेल तर १०८ ला फोन करा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं आहे का, ते डॉक्टरांना विचारा.

आणि एक महत्त्वाचं. साप चावला तर त्या जागी चाकूने काप देऊ नका. त्याने विष निघत नाही, फक्त जखम वाढते. माणसाला स्थिर ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा.

थोडक्यात, तोडायला घरचा कोयता, कापायला साधा चार-पाच इंची चाकू, दोन्हीला धार आणि म्यान. रानात एवढं पुरतं. ट्रेकला किंवा कॅम्पिंगला जाणाऱ्या तुमच्या मित्रांना ही माहिती नक्की पाठवा.