पुस्तिकेची मूळ प्रत कोणाच्या हाती?

सरकारी कचेरीत किंवा शाळेच्या कार्यालयात काम करणाऱ्यांना नियमपुस्तिकेचा एक अनुभव नेहमीचा आहे. पुस्तिका एकदा छापली जाते. नियम मात्र बदलत राहतात. मग शुद्धिपत्रके निघतात. त्यांतली काही चिकटवली जातात, काही हरवतात, आणि अखेरीस खरा नियम कोणता हे एखाद्या जुन्या लेखनिकालाच ठाऊक असते. तो निवृत्त झाला की ते ज्ञानही निवृत्त होते. संगणकाच्या सॉफ्टवेअरला हाच रोग जडलेला आहे. तेथे तर तो अधिक वेगाने बळावतो, कारण आज्ञावली वर्षातून अनेकदा बदलते आणि तिची माहितीपुस्तिका मागेच राहते.

या रोगावर जो उपाय पुढे आला, तो तत्त्वतः साधा आहे. पुस्तिका वेगळी लिहून कपाटात ठेवावयाची नाही. तिचा मजकूर आज्ञावलीच्या मूळ फायलींसोबतच ठेवावयाचा आणि त्यातून पुस्तिका यंत्राकडून तयार करून घ्यावयाची. स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांनी १९८४ मध्ये या विचाराची साग्र मांडणी केली. आज्ञावली केवळ यंत्रासाठी नव्हे, तर माणसाने वाचावी म्हणून लिहिली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या पद्धतीत एकाच मूळ फायलीतून एक साधन यंत्रासाठी आज्ञावली काढी, तर दुसरे साधन वाचकासाठी मुद्रणयोग्य ग्रंथ रची. ‘टेक’ ही त्यांची अक्षरजुळणीची आज्ञावली याच रीतीने लिहिली गेली आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाली.

कनूथ यांची पद्धत जशीच्या तशी सर्वत्र रुजली नाही. तिचा गाभा मात्र रुजला. १९९० नंतरच्या दशकात ‘जावाडॉक’ आणि ‘डॉक्सिजन’ ही साधने आज्ञावलीत लिहिलेल्या टिपा वेचून त्यांची पुस्तिका बनवू लागली. ‘पायथन’ या संगणकभाषेने २००८ मध्ये आपली पुस्तिका ‘स्फिंक्स’ या साधनाकडे सोपवली. या पुस्तिकेचा मजकूर साध्या अक्षरांच्या फायलींत असतो. मथळा कोणता आणि संदर्भ कोणता एवढ्या खुणा त्यात केलेल्या असतात. एक आज्ञा दिली की संकेतस्थळाची पाने तयार होतात. त्याच फायलींतून छापण्याजोगे पुस्तकही निघते. एखादा संदर्भ नाहीशा झालेल्या प्रकरणाकडे बोट दाखवीत असेल, तर यंत्र इशारा देते. इशारा मिळताच काम थांबावे, अशी सोयही करता येते. ‘डॉकटेस्ट’ नावाचे साधन तर पुस्तिकेतील उदाहरणे प्रत्यक्ष चालवून पाहते आणि उत्तर जुळले नाही तर तसे सांगते.

परंतु प्रश्न केवळ सोयीचा नाही. तो अर्थशास्त्राचा आहे. पुस्तिका लिहिण्याचा भार एकावर पडतो आणि लाभ असंख्यांना होतो. समजा, एखादी अडचण नीट लिहून ठेवण्यास दहा तास लागतात आणि ती न लिहिल्यामुळे एक हजार वाचकांचा प्रत्येकी अर्धा तास वाया जातो. समाजाची हानी पाचशे तासांची झाली. पण ती कोणाच्याच हिशेबवहीत नोंदली जात नाही. सार्वजनिक वस्तूंची उपेक्षा होते ती याच कारणाने. पुस्तिका मूळ फायलींतून तयार होऊ लागली की लिहिणाऱ्याचा भार पुष्कळ हलका होतो. आज्ञावली बदलणाऱ्यानेच त्याच बैठकीत मजकूरही बदलावा, अशी अट घालता येते.

या उपायाची मर्यादाही ओळखली पाहिजे. कोणत्या कार्याचे नाव काय आणि त्याला कोणती माहिती पुरवावी लागते, हे यंत्र अचूक काढून देते. ते कार्य का योजले, कोठे वापरू नये, हे त्याला सांगता येत नाही. आज्ञावली बदलली आणि शेजारची टीप जुनीच राहिली, तर यंत्र ती जुनी टीपही तितक्याच सुबकतेने छापून देते. नावांच्या याद्यांनी भरलेली, परंतु एकही गोष्ट न समजावणारी पुस्तिका पाहून समाधान मानणे ही आत्मवंचना होय. समजावून सांगण्याचे श्रम माणसाचेच आहेत आणि त्यांना मोल देण्यावाचून गत्यंतर नाही.

तरीही मूळ फायली खुल्या असण्याचा एक लाभ सर्वांत मोठा आहे. तयार पुस्तिका हाती आलेला वाचक केवळ वाचक राहतो. मूळ फायली हाती आलेला वाचक ती पुस्तिका स्वतः घडवू शकतो, तिच्यातील चूक सुधारून पाठवू शकतो, तिचे भाषांतर करू शकतो. पायथनच्या पुस्तिकेच्या भाषांतरांसाठी २०१७ मध्ये रीतसर व्यवस्था ठरली. जपानी, फ्रेंच आणि कोरियन भाषांतरांना तीत आरंभीच स्थान मिळाले. यांत भाषांतरकार परिच्छेदापरिच्छेदाने मजकूर भाषांतरित करतात आणि यंत्र त्यांची सलग पुस्तिका बांधते. मूळ वाक्य बदलले की कोणते भाषांतर शिळे झाले तेही कळते.

हा मार्ग मराठीलाही मोकळा आहे. त्याला मोठा कारखाना लागत नाही की मोठे भांडवल लागत नाही. इंग्रजी जाणणारे शिक्षक, संगणक जाणणारे विद्यार्थी आणि नियमाने काम करण्याची सवय एवढी सामग्री पुरते. ज्ञान मराठीत नाही ही तक्रार जुनी आहे. जेथे मूळ प्रतच सर्वांसाठी उघडी ठेवली आहे, तेथे तरी त्या तक्रारीचे उत्तर दुसऱ्या कोणाकडे मागण्याचे कारण उरलेले नाही.