दर्शनी भिंतीचे दुखणे पाण्यात

मुंबईच्या फोर्ट भागातल्या व्यापारी इमारती ढोबळमानाने दोन पिढ्यांच्या आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. १९३० नंतरच्या बऱ्याचशा सिमेंट काँक्रीटच्या. फोर्टलगतचे १९३८ सालचे इरॉस चित्रपटगृह याच दुसऱ्या पिढीतले. दोन्ही पिढ्यांचे बाहेरचे अंग पाण्यानेच खराब होते. पण दुखण्याची रीत वेगळी, म्हणून इलाजही वेगळा.

दगडी भिंतीतला चुना सच्छिद्र असतो. पावसाळ्यात भिंतीत मुरलेले पाणी नंतर दगडांमधल्या दरजांवाटे वाफ होऊन निघून जाते. यात दरजा झिजतात, दगड वाचतो, आणि दरजा पुन्हा चुन्याने भरता येतात. त्या सिमेंटने भरल्या की ही वाट बंद होते. मग पाणी दगडातूनच बाहेर पडू लागते, सोबत आलेले क्षार पृष्ठभागालगत स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सिमेंटची दरज शाबूत आणि भोवतालचा दगड खोल झिजलेला, हे दृश्य जुन्या इमारतींवर सर्रास दिसते. मजबुतीच्या नावाखाली केलेले हे सर्वांत मोठे नुकसान होय.

पोरबंदरी चुनखडीच्या कोरीव कामाला धुराचाही त्रास होतो. हवेतला सल्फर डायऑक्साइड ओलाव्याशी मिळून चुनखडीचे जिप्सम करतो. पाऊस थेट पोहोचत नाही अशा छज्ज्याखालच्या भागात ते काजळी धरून काळे पुट बनते. वाळूच्या माऱ्याने किंवा आम्लाने ते झटपट निघते, पण नक्षीची धारही त्यासोबत जाते. पाण्याचा बारीक फवारा, मऊ ब्रश आणि हट्टी डागांवर कागदाच्या लगद्याचा लेप, ही पद्धत संथ असली तरी योग्य आहे.

काँक्रीटचे दुखणे आत, लोखंडी सळईत असते. ताज्या काँक्रीटचा सामू १२.५ ते १३ असतो. या अल्कधर्मी वातावरणात सळईवर संरक्षक पापुद्रा टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपून सामू ९ च्या खाली आणतो. समुद्राच्या हवेतले क्लोराइड तर सामू न घटताही तो पापुद्रा फोडतात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो, त्यामुळे वरचे काँक्रीट तडकते आणि तुकडे रस्त्यावर पडतात.

परांची बांधल्यावर पहिली तपासणी हातोडीनेच होते: पोकळ आवाज आला की तिथले काँक्रीट सुटलेले. ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडले की सामू न घटलेले काँक्रीट गुलाबी होते, सामू घटलेले रंगहीन राहते. बिघडलेला भाग सळईच्या मागेपर्यंत खोदावा लागतो. गंज पूर्ण घासून, झिजलेल्या सळईला नव्या सळईची जोड देऊन मग पॉलिमरयुक्त मॉर्टर थराथराने भरतात. गंजावरच गिलावा मारला तर तो पुन्हा फुगून पडणारच.

दोन्ही प्रकारच्या इमारतींत छज्ज्यांखाली पाणी तोडणारी खाच, पन्हळी, गच्चीचे उतार, पावसाच्या पाइपांचे सांधे हे सारे आधी दुरुस्त व्हायला हवे. भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप नुसते कापून भागत नाही. मूळ राहिले की ते पुन्हा फुटते. ओल्या भिंतीवर चढवलेला, वाफ अडवणारा रंग ओल आत कोंडतो. म्हणून रंगाचे काम सर्वांत शेवटी काढावे, तेही भिंत पूर्ण वाळल्यावर.