पांझरेचा फड आणि उकाईचे दरवाजे

सुरतच्या लिंबायत भागात यंत्रमाग आणि कापडबाजार यांच्या आधाराने स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांचे मूळ गाव धुळे, नंदुरबार वा जळगाव जिल्ह्यात, म्हणजे तापीच्याच खोऱ्यात आहे. मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीच्या ६५,१४५ चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी सुमारे ७९ टक्के क्षेत्र महाराष्ट्रात आहे आणि गुजरातच्या वाट्याला जेमतेम सहा टक्के येते. तरीही तिचे नाव निघाले की बोलणे सुरतच्या पुरापाशी येऊन थांबते, हे एकांगी आहे.

खानदेशात तापीचे पात्र खोल आणि काठ उंच असल्याने तिचे पाणी शेतात चढवणे पूर्वी अवघड होते, त्यामुळे सिंचनाची खरी कारागिरी उपनद्यांवर घडली. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर काही शतकांपूर्वी रुजलेली फड पद्धत ही तिची सर्वांत विचारपूर्वक घडवलेली रचना होय. नदीत ठिकठिकाणी दगडी बंधारे घालून पाणी केवळ उताराच्या बळावर पाटाने वळवले जाई. एका बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सलग जमिनीला थळ म्हणत, आणि थळाचे बहुधा तीन-चार भाग पाडून प्रत्येक भागात, म्हणजे फडात, त्या हंगामात सर्वांनी एकच पीक घ्यावे, असा दंडक असे. पुढील वर्षी पिकांची अदलाबदल होई. एकाच फडाला एकाच वेळी सारखे पाणी लागत असल्याने मोजणी सोपी होई, पाणी वाया जात नसे आणि जमिनीलाही विसावा मिळे. शेतकऱ्यांची जमीन बहुधा निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्याने पाणी अपुरे असलेल्या वर्षी एखादा फड पड ठेवला, तरी तोटा एकट्याच्या माथी बसत नसे. पाणी देणारा पाटकरी, पिके राखणारा जागल्या आणि देखरेख करणारा हवालदार यांना मोबदला धान्यरूपाने मिळे, तर वाद पंचांपुढे मिटत. या व्यवस्थेला रम्य ग्रामराज्य मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल, कारण ज्याच्याकडे थळात जमीन नव्हती, त्याला पाण्याच्या कारभारातही जागा नव्हती.

पुढे विहिरी व विजेचे पंप वाढले, पांझरेवर लाटीपाडा, अक्कलपाडा यांसारखी धरणे झाली आणि बंधाऱ्यांना बारमाही पाणी पुरवणारा प्रवाह ओसरत गेला. विहीर स्वतःची असलेल्या शेतकऱ्याला सामाईक पीकक्रम पाळण्याची गरजही उरली नाही. काही फड टिकून राहिले, बरेच विस्कळीत झाले. कोरडवाहू शेतीतील अनिश्चितता हे स्थलांतराचे एकमेव कारण नव्हते, परंतु ते एक कारण होतेच, आणि वाट तर तापी खोऱ्याच्या लोहमार्गाने आधीच आखून ठेवली होती; सुरत ते अमळनेर हा मार्ग १९०० मध्ये पूर्ण झाला असून तो लिंबायतलगतच्या उधन्यावरून जातो.

मुख्य नदीचे नियंत्रणही दरम्यान बदलले. १९५४ मध्ये काकरापारचा बंधारा आणि १९७२ मध्ये उकाई धरण पूर्ण झाले, ज्याच्या जलाशयाखाली आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या गावांच्याही जमिनी गेल्या. सिंचन, वीज आणि पूरनियंत्रण ही तिन्ही कामे एकाच जलाशयाकडून अपेक्षिली गेली; पहिल्या दोन कामांसाठी तो भरलेला हवा, तर तिसऱ्यासाठी त्यात रिकामी जागा हवी. ऑगस्ट २००६ मध्ये हा विरोध उघडा पडला: वरच्या भागात अतिवृष्टी झाली, जलाशयात साठवणुकीची पुरेशी जागा उरली नव्हती, आणि सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत, म्हणजे सेकंदाला नऊ लाख घनफूट पाणी सोडावे लागल्याने सुरतचा फार मोठा भाग बुडाला.

लिंबायतला मात्र आणखी एका पाण्याची धास्ती असते. मराठीत खाडी म्हणजे समुद्राचे आत शिरलेले पाणी, परंतु सुरतमध्ये शेतशिवारातून वाहत येणाऱ्या ओढ्यालाही खाडीच म्हणतात. अशा खाड्यांपैकी मिठी खाडी या वस्तीतून जाते, शहराबाहेर जोराचा पाऊस झाला की फुगते, आणि उकाईचे सर्व दरवाजे बंद असतानाही घरांत शिरते.